शिंगराचा तिसरा पालक

रसग्रहण एका ओळीचं आहे. ती कवितेतली नाही, माइनक्राफ्ट या खेळाच्या जावा आवृत्तीतली आहे. मराठीत सांगायची तर अशी: आईचा वेग, बापाचा वेग आणि कुठल्यातरी अनोळखी घोड्याचा वेग, तिघांची बेरीज करा, तिनाने भागा, येईल तो शिंगराचा वेग. उडीला आणि आयुष्याला हाच हिशेब. १ जुलै २०१३ला १.६.१ ही आवृत्ती आली आणि या खेळात घोडे आले. तेव्हापासून मार्च २०२३पर्यंत, पावणेदहा वर्षं, तिथं जन्मलेल्या प्रत्येक शिंगराची पत्रिका या ओळीने मांडली.

मला ती ओळ ठाऊक नव्हती. मला भाचीने खेळायला बसवलं होतं. तिने कुरणात १०० ठोकळ्यांची सरळ पट्टी आखली होती, कारण हा खेळ घोड्याचा वेग आकड्यात सांगत नाही. स्वार झालात की घोड्याचं आयुष्य बदामांत दिसतं, बाकी सगळं तुम्ही मोजायचं. उडीसाठी एकाहून एक उंच भिंती बांधायच्या, वेगासाठी मोबाइलवरचं घड्याळ लावायचं. सगळ्यात मठ्ठ घोडा सेकंदाला जेमतेम पाच ठोकळे जातो; धावणारा माणूस त्याला सहज मागे टाकतो. सगळ्यात चपळ घोडा चौदाच्या वर. भाचीने महिनाभर रानोमाळ हिंडून एक घोडी आणि एक घोडा निवडला होता, दोघंही पट्टी साडेसात सेकंदांच्या आत संपवणारे. दोघांना एकेक सोनेरी गाजर चारलं, बदाम उडाले, शिंगरू झालं. वीस मिनिटांनी ते मोठं झालं. खोगीर घातलं, पळवलं. सव्वाआठ सेकंद.

"मामा, असं कसं? दोघंही साडेसातवाले आहेत ना?"

मी "खाण तशी माती" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. म्हण इथे खोटी पडली होती, आणि का पडली ते त्या ओळीत आहे.

तिसऱ्या घोड्याकडे बघा. तो कुरणात नाही. त्याला कुणी माणसाळवलेलं नाही, त्याला गाजर चारावं लागत नाही, शिंगरू जन्मायच्या क्षणापुरता तो आकडा म्हणून येतो आणि जातो. त्याचा आकडाही एका फाशाने पडत नाही. वेगाला आणि उडीला तीन दानं टाकून बेरीज घेतात, त्यामुळे मधला आकडा वारंवार येतो आणि टोकाचा क्वचित. म्हणजे तिसरा पालक बहुतेक वेळा अगदी साधारण असतो. सोयीसाठी सगळ्यात मंद घोड्याला ० आणि सगळ्यात चपळ घोड्याला १०० गुण देऊ. आईबाप ९०-९०चे, तिसरा सरासरी ५०चा. शिंगरू ७७च्या आसपास. ते ९०च्या पुढे जायचं तर तिसऱ्यालाही ९०च्या पुढे जावं लागतं, आणि तीन दानांच्या हिशेबाने तसं दोनशेपैकी एकदा घडतं. भाचीचं शिंगरू बिघडलेलं नव्हतं. ते जसं व्हायचं तसंच झालं होतं.

इथपर्यंत हा नुसता हिशेब आहे. मला ती ओळ आवडायला लागली ती एका जुन्या शोधनिबंधामुळे. १८८६ साली फ्रान्सिस गाल्टनने इंग्लंडमधल्या २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या नऊशेवर सज्ञान मुलांची उंची ताडून पाहिली. बायकांची उंची त्याने १.०८ने गुणली, म्हणजे आई आणि बाप एका मापात आले, आणि दोघांच्या मध्याला 'मध्यपालक' ठरवलं. निष्कर्ष असा निघाला की उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण तितकी नाहीत. मध्यपालक सर्वसाधारण उंचीपेक्षा जेवढा वर, मुलांची उंची त्याच्या सुमारे दोन तृतीयांशानेच वर. ठेंगण्यांच्या बाबतीत तेच उलट बाजूने.

आता पुन्हा आपल्या ओळीकडे या. आईबाप सरासरीपेक्षा ४०ने वर. शिंगरू सुमारे २७ने वर. चाळीसचे दोन तृतीयांश. तिघांची बेरीज करून तिनाने भागलं की दुसरं काही निघूच शकत नाही. ओळ लिहिणाऱ्याच्या मनात गाल्टन असेल असं मला मुळीच वाटत नाही. बेरीज आणि भागाकार सोपा, म्हणून लिहिला असेल. पण इंग्लंडातल्या घराघरांतून उंच्या गोळा करून जो अपूर्णांक गाल्टनच्या हाती लागला, तो कुणा प्रोग्रॅमरच्या हातून सहज लिहिला गेला, याचं मला अजून नवल वाटतं. (याच गाल्टनने १८८३ साली माणसांची निवडून पैदास करण्याच्या कल्पनेला नाव दिलं आणि त्यातून पुढे जे झालं ते भयंकर होतं. घोड्यांपुरता तो बरा.)

या ओळीखाली पैदास करायची म्हणजे उतारावर पाणी चढवायचं. दर पिढीला कमाईचा एक तृतीयांश त्या अनोळखी घोड्याला द्यायचा, आणि उरलेल्यांतून निवडून निवडून तो भरून काढायचा. मग तोलामोलाचं स्थळ बघणं आपोआप येतं. ९०च्या घोडीला रानातून धरून आणलेला ५०चा घोडा दाखवला, तर पोटी ६३ येतं. पाच पिढ्यांच्या मेहनतीतले ४० गुण एका वेतात १३वर येतात. भाचीने पुढे प्रत्येक घोड्याला नावाची चिठ्ठी लावली: 'दुसरी-क', 'तिसरी-अ'. तिसरीला तिसरीच द्यायची, दुसरीतलं फारच चांगलं असेल तर चालेल, रानातलं आता नाही. आमच्याकडे लग्नं जुळवणाऱ्या मावश्या याहून वेगळं काय करतात?

गंमत अशी की या पिढ्या फक्त त्या चिठ्ठ्यांत आहेत. घोड्याचे आईबाप कोण, हे खेळ जपून ठेवत नाही. भावाबहिणींची जोडी लावली तरी त्याला ना गोत्र, ना दोष. त्याच्या लेखी प्रत्येक घोडा आजच जन्मलेला. वंशावळ हा खेळणाऱ्याचा उद्योग आहे.

रंगाचा नियम वेगळा आणि जास्त दिलदार: नऊपैकी चार वेळा आईचा, चार वेळा बापाचा, एकदा भलताच. सात रंग, पाच प्रकारच्या खुणा (बिनखुणेचा प्रकार धरून). त्यातली एक म्हणजे पांढरे पाय आणि कपाळावर पांढरा पट्टा. भाची त्याला 'मोजेवाला' म्हणते. मी तिला 'पंचकल्याणी' हा शब्द दिला, तो तिने एका चिठ्ठीवर लगेच वापरला.

१४ मार्च २०२३ला १.१९.४ आली आणि तिसऱ्या पालकाला निरोप मिळाला. आता मध्य धरायचा तो दोघांचाच, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थोडं डोलायचं. किती डोलायचं ते जोडीवर ठरतं. शिंगरू चांगल्या पालकाच्या फार तर १५ गुण वर जाईल, वाईटाच्या फार तर १५ खाली. ९०-९०च्या जोडीला आता निम्मी शिंगरं ९०च्या पुढची होतात; जिथं दोनशेत एक होतं तिथं दोनांत एक. ९० आणि ५०ची विजोड जोडी ३५पासून थेट छतापर्यंत काहीही देऊ शकते, पण ९०च्या पुढे जाणारी शंभरात चारच. तोलामोलाचा अर्थ इथे बदलला. जुन्या नियमात विजोड स्थळ म्हणजे निव्वळ तोटा होता. आता ते लॉटरीचं तिकीट आहे.

नव्या ओळीतही एक सुरेख जागा आहे. बेरीज १००च्या वर गेली तर ती १००वर कापत नाहीत, परत खाली वळवतात. १०५ आले तर ९५. छताला लागलेला चेंडू जसा खाली येतो तसं. त्यामुळे दोन शंभरांच्या पोटी शंभर क्वचितच येतो, बहुतेक शिंगरं त्याच्या जरा खालीच राहतात. पूर्णत्वाला हलकेच टपली मारणारी ही जागा मला जुन्या ओळीच्या तोडीची वाटते.

तरी निवड करायची झाली तर मी जुनी ओळ घेईन. नवी न्यायी आहे, खेळणाऱ्याच्या कष्टांची कदर करणारी आहे, आणि भाचीला तीच आवडते. तिची सातवी पिढी आता सात सेकंदांच्या आसपास पळते. पण नव्या ओळीला पाच पावलं लागतात, जुनी एका श्वासात संपते, आणि त्या श्वासात न दिसणारा तो तिसरा येऊन जातो.

जावा आवृत्तीच्या लाँचरमध्ये १.१९.३ अजून निवडता येते. वेगळं नवं जग उघडा, चालू जग तिच्यात नेऊ नका. दोन माणसाळवलेले घोडे आणि दोन सोनेरी गाजरं पुरतात.