विनोबांचे ‘कुराण-सार’ : चिंतन आणि शांतिकार्य

विनोबा भावे यांच्या ‘कुराण-सार’ या संकलनाचा उल्लेख आपण सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून करतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. आमच्या मते ते वेगळ्याच प्रश्नासाठी वाचायला हवे. चिंतनात रमलेला माणूस शांततेच्या कामी कितपत येतो?

विनोबांनी अरबी शिकून मूळ कुरआनचे वर्षानुवर्षे अध्ययन केले आणि निवडक आयतींची विषयवार मांडणी केली. एका विषयावरच्या आयती एकत्र आल्याने त्यांचा आशय सामान्य वाचकापर्यंत सहज पोहोचतो. हे या संकलनाचे बळ आहे. पण या पद्धतीत शाने नुजूल, म्हणजे आयत कोणत्या प्रसंगी उतरली तो संदर्भ, मागे पडतो. मक्केत छळ सोसणाऱ्यांचा सब्र वेगळा आणि सुखवस्तू माणसाचा सब्र वेगळा. संदर्भ सुटला की सब्र म्हणजे गप्प बसणे, असा सोयीस्कर अर्थ निघू शकतो.

विनोबांच्या जीवनातही या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. १९४८ मध्ये फाळणीने उखडलेल्या मेवातच्या मेव मुसलमानांच्या पुनर्वसनासाठी ते राबले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले, १९५७ मध्ये शांतिसेना उभी राहिली, १९६० मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. इथे चिंतन पायी चालत लोकांकडे गेले.

२५ डिसेंबर १९७४ पासून मात्र त्यांनी वर्षभराचे मौन धरले. त्याच काळात, जून १९७५ मध्ये, आणीबाणी आली. त्यांच्या ‘अनुशासन पर्व’ या दोन शब्दांचा सत्ताधाऱ्यांनी भरपूर वापर केला. आपल्याला आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, असा खुलासा त्यांनी पुढे केला. पण तोवर हजारो माणसे तुरुंगात होती. या मौनामागच्या साधनेविषयी आम्हाला शंका नाही. तरीही संताच्या मौनाचा अर्थ सत्ता आपल्या सोयीने लावते, हे विसरून चालणार नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) हिरा गुहेत चिंतन करीत; पण वह्य आल्यावर ते गुहेतच राहिले नाहीत. खाली उतरून त्यांनी माणसांची बोलणी खाल्ली, पुढे हुदैबियाला कठीण अटींवर तह केला. जिक्र आणि सुलह यांची अशी सांगड आहे. गावात तणाव वाढला की आपण दुआ मागतो, ते योग्यच. मात्र दुआनंतर शेजाऱ्याच्या दारात कोण जाणार, हेही मशिदीतून बाहेर पडण्यापूर्वीच ठरायला हवे.