प्रश्नावली आणि निदान : अ‍ॅस्परगर लक्षणसमूहाच्या संदर्भात

प्रश्नावलीकडे आपण सामान्यतः एक साधन म्हणून पाहतो; ती एक संहिताही आहे, हे सहसा ध्यानात घेत नाही. प्रश्न रचणाऱ्याच्या मनात उत्तर देणाऱ्याचे एक चित्र अगोदरच तयार असते : त्याचे घर, त्याची संगत, त्याची भाषा. हे चित्र जेथे खरे ठरत नाही, तेथे उत्तर प्रामाणिक असूनही निदान चुकू शकते. अ‍ॅस्परगर लक्षणसमूहाच्या संदर्भात या विधानाची तपासणी करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

व्हिएन्ना येथील हान्स अ‍ॅस्परगर यांनी १९४४ मध्ये केलेल्या वर्णनाकडे लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये इंग्रजी वाचकांचे लक्ष वेधले आणि हे नाव रूढ झाले. भाषा व बुद्धी यांत उघड उणीव नसताना परस्परसंबंधांत येणारी अडचण आणि मोजक्याच विषयांतील तीव्र गुंतवणूक, हे त्याचे मुख्य गमक. अमेरिकन मनोचिकित्सक संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात हे स्वतंत्र नाव राहिले नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून अमलात आलेले वर्गीकरणही त्याचा समावेश स्वमग्नतेच्या व्यापक वर्णपटातच करते. नाव गेले, तरी अशा व्यक्तींना ओळखण्याची अडचण कायम आहे.

सायमन बॅरन-कोहेन व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ५० विधानांची प्रश्नावली प्रौढ व्यक्तीने स्वतःच भरावयाची असते. त्यांच्या अभ्यासात निदान झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के व्यक्तींना ३२ किंवा अधिक गुण मिळाले. तुलनेसाठी घेतलेल्या सामान्य गटात हे प्रमाण २ टक्के होते. यश मोठेच, परंतु निदान झालेल्या दर पाचांतील एक जण रेषेखाली राहिला, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. शिवाय पूर्ण सहमती आणि किंचित सहमती यांना सारखाच एक गुण मिळतो. उत्तरातील संकोच नोंदला जातो आणि मोजताना पुसला जातो. मेजवानीपेक्षा ग्रंथालय बरे वाटते काय, वस्तुसंग्रहालयापेक्षा नाट्यगृह आवडते काय, अशा आशयाची विधानेही तीत आहेत. या जागा उत्तर देणाऱ्याच्या नित्य परिचयाच्या आहेत, असे येथे गृहीत धरले आहे.

आता वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीचा विचार करू. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान झाले असून रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. तांड्यांत घरची बोली गोरमाटी, तर शाळेत मराठी. २०२४ मध्ये येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. परंतु गावात संग्रहालय असणे आणि नाट्यगृह की संग्रहालय अशी निवड करण्याची सवय असणे, या भिन्न गोष्टी होत. यात्रेची गर्दी आणि नगाऱ्याचा नाद सहन होतो काय, असे विचारले तर त्याच लक्षणाविषयीच्या उत्तराला अनुभवाचा आधार मिळेल. तसेच वर्गात गप्प बसणारे मूल परकी भाषा ऐकून गप्प आहे की संवादाची रीतच त्याला उमगत नाही, हा भेद मराठीतील प्रश्नावली एकटीने करू शकणार नाही.

यावर असे म्हणता येईल की, आपल्याकडे स्वदेशी साधन आहेच. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये सिद्ध केलेल्या भारतीय मूल्यमापन श्रेणीत सहा विभागांत ४० बाबी आहेत. निरीक्षण आणि पालकांची मुलाखत यांच्या आधारे प्रत्येकीस १ ते ५ गुण दिले जातात. स्वमग्नता मानण्यास किमान ७० गुण लागतात. ही श्रेणी शासकीय प्रमाणपत्रासाठीही वापरात आली, म्हणून तिचे गणित तपासणे अगत्याचे आहे. समजा, सामाजिक संबंधांच्या नऊही बाबींत एखाद्यास प्रत्येकी ३ गुण मिळाले, वर्तनाच्या सातही बाबींत प्रत्येकी २, आणि भाषा, बुद्धी इत्यादी उरलेल्या २४ बाबींत प्रत्येकी १. बेरीज ६५ होते. अस्खलित बोलणे व चांगली बुद्धी, म्हणजे अ‍ॅस्परगरच्या वर्णनाची जी खूण, तीच येथे त्याला रेषेखाली ठेवते. वस्तुतः त्याची अडचण खरी असते; प्रमाणपत्र आणि त्यावर अवलंबून असलेले साहाय्य मात्र मिळत नाही.

याचा अर्थ प्रश्नावली टाकाऊ आहे, असा नव्हे. ती स्वस्त व सुसूत्र आहे. तज्ज्ञ दूर असलेल्या ठिकाणी कोणाला पुढे पाठवावे, हे ती सुचवू शकते. आयुष्यभर विचित्र ठरलेल्या प्रौढास स्वतःविषयी बोलण्यासाठी शब्दही ती पुरविते. परंतु चाळणीचे काम चाळणीने करावे, तराजूचे तिच्यावर सोपवू नये. गोरमाटीतील भाषांतर तांड्यांत तपासून घेणे, आई-वडिलांकडून बालपणाची हकीकत ऐकणे, आणि बेरजेआधी एकेक उत्तर वाचणे, एवढे तरी निदान करणाऱ्याने केले पाहिजे. उत्तर देणाऱ्याला समजलेला प्रश्न आणि विचारणाऱ्याला अभिप्रेत असलेला प्रश्न एकच होता, याची खात्री झाल्यावरच बेरजेला अर्थ येतो.