इतिहास, प्रणय आणि अद्भुत : ‘तारा’ व ‘मंजुघोषा’ यांच्या आकर्षणाचे स्वरूप

प्रास्ताविक :

गतकाळातील राजवटी, प्रणयकथा आणि दैवी किंवा मायावी अद्भुत यांचे मिश्रण असलेल्या कादंबऱ्या वाचकांना दीर्घकाळ प्रिय ठरल्या आहेत. समीक्षेने मात्र त्यांच्याकडे बहुधा केवळ रंजन म्हणून पाहिले. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या ‘नावल व नाटक यांविषयी निबंधा’त अशा कथांमधील असंभाव्यतेवर टीका केली आणि पुढील काळात हीच कसोटी रूढ झाली. या कथांतील अद्भुत वास्तवापासून पळण्यासाठी आलेले नाही. ज्या प्रणयाला तत्कालीन समाजात जागा नव्हती, त्याला जागा करून देण्यासाठी ते आले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी धाराशिव जिल्ह्याच्या भूमीवर घडणारी इंग्रजी कादंबरी ‘तारा’ (१८६३) आणि तिची समकालीन मराठी कादंबरी ‘मंजुघोषा’ (१८६८) यांचा विचार केला आहे.

तुळजापूरची ‘तारा’ :

निजामाने १८५३ च्या तहानुसार नळदुर्गचा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६० मध्ये तो निजामाकडे परत गेला. या मधल्या काळातील पहिली काही वर्षे कर्नल फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) हा नळदुर्ग जिल्ह्याचा प्रशासक होता. नळदुर्गचा किल्ला, बोरी नदी आणि तुळजाभवानीचे मंदिर यांचा परिचय त्याला कामकाजातून झाला. ‘तारा’ची नायिका तुळजापूरच्या व्यास शास्त्र्यांची बालविधवा कन्या आहे. नायक फाजल हा अफजलखानाचा पुत्र असून इतिहासातही त्याचे अस्तित्व आहे. अफजलखानाची स्वारी आणि प्रतापगडावरील वध ही कथेची ऐतिहासिक चौकट होय.

या चौकटीत अद्भुत येते ते भवानीच्या साक्षात्काराच्या रूपाने. देवी आपल्याला बोलावते, अशी ताराची श्रद्धा आहे. घराच्या कोपऱ्यात आयुष्य कंठणे हेच जिच्या वाट्याला आलेले, ती बालविधवा या हाकेमुळे मंदिरात, लोकांसमोर येते. कायद्याने १८५६ मध्ये विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली होती; पण समाजाने तिला दृश्यताही दिलेली नव्हती. कादंबरीत ती दृश्यता देवी देते. अंगात येणे, परडी, कवड्यांची माळ ही आराधी परंपरा ज्या वाचकाला परिचित आहे, त्याला या प्रसंगांत परकीय लेखकाच्या कल्पनेबरोबरच तुळजापूरचा लोकानुभवही जाणवेल.

रिसबूडांची अडचण :

नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणाने मांडली आहे. आपल्याकडील विवाहपद्धतीमुळे व इतर रूढींमुळे कादंबरीला आवश्यक असे मनोरंजक प्रसंग आपल्या समाजाच्या जीवनात आढळत नाहीत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. बालपणीच विवाह ठरतो तेथे अनुराग, विरह आणि निवड यांना अवकाश कसा मिळणार? म्हणूनच कथा राजेरजवाड्यांच्या दूरच्या काळात आणि अद्भुताच्या प्रदेशात जाते. हे केवळ एका लेखकाचे समर्थन नाही. त्यातून त्या समाजाचे निदानही होते. वर्तमानात ‘निवड’ अशक्य असल्यामुळे ती भूतकाळात व चमत्कारात शोधावी लागली.

अद्भुताचे कार्य व मर्यादा :

या दोन कादंबऱ्या एकमेकींच्या शेजारी ठेवल्या असता एक साम्य स्पष्ट होते. रिसबूडांसमोर प्रश्न आहे विवाहापूर्वीच्या प्रेमाचा, टेलरसमोर वैधव्यानंतरच्या प्रेमाचा. दोन्ही प्रेमे रूढीबाहेरची आहेत आणि दोन्ही ठिकाणी वाचकाची संमती अद्भुताच्या आधाराने मिळवली जाते.

तथापि, अद्भुताला मर्यादाही आहे. देवी ताराला प्रतिष्ठा देते, वैधव्यातून मुक्त करीत नाही. सती जाण्याच्या क्षणी तिला वाचवणारा हात फाजलचा, म्हणजे माणसाचा आहे. विवाहापर्यंत पोहोचताना तुळजापूर मागे पडते. परधर्मीय नायकाशी तिचा विवाह घडवणारा लेखक राज्यकर्त्यांपैकी होता, हेही दृष्टिआड करता येत नाही. गाव आणि देवी यांच्यासह ताराला नवे आयुष्य देणे त्याला जमले नाही.

अद्भुताचा मोह खुद्द टेलरलाही सुटला नव्हता. ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) या तीन कादंबऱ्या त्याने १६५७, १७५७ व १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने गुंफल्या. प्रत्यक्षात अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. योगायोगाच्या आकर्षणापुढे इतिहासाची तारीख दोन वर्षे मागे सरकली.

समारोप :

या प्रकारच्या कादंबऱ्यांची लोकप्रियता वाचकाच्या अज्ञानातून आलेली नाही. इतिहास कथेला विश्वसनीयता देतो, प्रणय तिला इच्छा देतो आणि अद्भुत त्या इच्छेला परवाना देते. ज्या समाजात हा परवाना अन्य मार्गाने मिळत नाही, तेथे अशी कथा हवीहवीशी वाटते. म्हणून ‘हे संभवनीय आहे काय?’ या प्रश्नाबरोबरच ‘हे संभवण्यासाठी चमत्कार का लागला?’ हा प्रश्नही समीक्षेने विचारणे आवश्यक आहे. ‘तारा’च्या संदर्भात त्याचे उत्तर तुळजापूरच्या मंदिरात जितके आहे, तितकेच त्या बालविधवेच्या घरातही आहे.