शालेय कृतिसंशोधन : साचा आणि शोध

कृतिसंशोधन ही संकल्पना शिक्षणशास्त्राला नवी नाही. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये तिची मांडणी केली. स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शालेय व्यवहारात आणली, तर लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी १९७५ मध्ये ‘शिक्षक हाच संशोधक’ हा विचार प्रभावीपणे मांडला. आपल्या अध्यापक महाविद्यालयांत मात्र हा विचार बहुधा साचा म्हणूनच रुजला. पूर्वचाचणी, उपचारात्मक अध्यापन, उत्तरचाचणी आणि ‘उपक्रम परिणामकारक ठरला’ हा निष्कर्ष अशा क्रमाने अहवाल पूर्ण होतो. उपक्रम फसल्याची नोंद त्यात क्वचितच आढळते. ज्या संशोधनात अपयशाला जागा नाही, त्यातून शिक्षक काय शिकतो, हा या संदर्भातील कळीचा प्रश्न आहे.

या दृष्टीने सातारा जिल्ह्यातील फलटणचे उदाहरण उद्बोधक आहे. मॅक्सीन बर्नसन या भाषावैज्ञानिक म्हणून तेथील बोलीभेदांचा अभ्यास करण्यासाठी आल्या आणि पुढे तेथेच स्थायिक झाल्या. शाळेत जाऊनही वाचता न येणारी किंवा शाळा सुटलेली दलित वस्तीतील मुले त्यांना भेटली, तेव्हा संशोधनाचा प्रश्नच बदलला. मुले कशी बोलतात, याऐवजी ती वाचू का शकत नाहीत, हे शोधणे आवश्यक ठरले. त्यातून वर्णमालेच्या क्रमाऐवजी अक्षरगट आणि अर्थपूर्ण शब्द यांवर आधारलेली वाचनपद्धती आकाराला आली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या कमला निंबकर बालभवनात हे कार्य शाळेच्या रूपाने स्थिरावले. त्यास कृतिसंशोधन असे नाव दिले गेले की नाही, हा मुद्दा गौण आहे. प्रश्न वर्गातून आला आणि उत्तराची कसोटीही वर्गातच लागली, हे महत्त्वाचे.

तथापि, स्वतंत्र संस्थेला लाभणारी मोकळीक जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला नसते, हा आक्षेप उरतोच. त्याचे उत्तर त्याच जिल्ह्यातील कुमठे बीटने काही अंशी दिले. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तेथील प्राथमिक शाळांत ज्ञानरचनावादी अध्यापन सुरू झाले. मुले गटागटाने जमिनीवर बसून खडे, बिया, काड्यांचे गठ्ठे हाताळत संख्या शिकू लागली. पर्यवेक्षक हा तपासनीस न राहता सहअध्यायी होऊ शकतो, हे या प्रयोगाचे खरे योगदान होय. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाच्या काळात हा प्रयोग राज्यभर चर्चिला गेला. परंतु प्रसारात साहित्य आणि फरशीवरील रेखाटने पुढे गेली. त्यांमागील शोधप्रक्रिया अनेक ठिकाणी मागे राहिली. रेखाटनाची नक्कल करता येते, प्रश्नाची येत नाही.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात ही मर्यादा स्पष्ट होते. जत तालुक्यात कन्नडभाषक मुलांची संख्या लक्षणीय आहे. घरी कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत अडखळते, तेव्हा ती ‘वाचनातील उणीव’ नसून भाषांतराचे ओझे असू शकते. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात मात्र गळीत हंगामापुरत्या येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न शिक्षणातील खंडाचा आहे. दोन्ही ठिकाणच्या अहवालांत ‘वाचनात मागे’ असा एकच शेरा येईल. उपाय मात्र एक असणार नाही. निदान चुकल्यास उत्तरचाचणीतील वाढलेले गुणही दिशाभूल करतात.

सारांश, कृतिसंशोधनाचे मूल्यमापन निष्कर्षाच्या अनुकूलतेवरून न करता प्रश्नाच्या अस्सलपणावरून आणि पद्धतीत केलेल्या बदलांच्या प्रामाणिक नोंदीवरून व्हावयास हवे. फसलेल्या उपक्रमाच्या प्रांजळ अहवालास गुण देण्याचे धैर्य अध्यापक महाविद्यालयांनी दाखविले, तरच भावी शिक्षक प्रथम स्वतःच्या वर्गाकडे संशोधकाच्या दृष्टीने पाहू लागेल. अन्यथा अहवालांची संख्या वाढेल. मागच्या बाकावरील मूल मात्र पुस्तक उघडून तसेच मुके बसलेले राहील.