नीतिशास्त्राचे दोन निबंधसंग्रह : अध्यापनाच्या दृष्टीने एक चिकित्सा

पदव्युत्तर स्तरावर नीतिशास्त्र व समाजतत्त्वज्ञान शिकविताना निबंधसंग्रहांचा आधार घ्यावाच लागतो. त्यांची निवड मात्र बहुधा संपादकाच्या वा प्रकाशनसंस्थेच्या लौकिकावरून होते. संग्रहातील निबंध कोणत्या प्रश्नाभोवती गुंफलेले आहेत, हे तपासण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. या दृष्टीने पीटर सिंगर संपादित ‘अ कम्पॅनियन टू एथिक्स’ (१९९१) आणि गोपाळ गुरू संपादित ‘ह्युमिलिएशन : क्लेम्स अँड कॉन्टेक्स्ट’ (२००९) हे संग्रह शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

सिंगर यांच्या संग्रहाची व्याप्ती वादातीत आहे. ४७ निबंधांत नीतीच्या उगमापासून दयामरण, प्राणी व युद्ध यांपर्यंतचे विषय येतात. ओनोरा ओ’नील यांचा कांटच्या नीतिविचारावरील आणि फिलिप पेटिट यांचा परिणामवादावरील निबंध आजही वर्गात वापरावेत इतके नेमके आहेत. तथापि भारतीय, बौद्ध, चिनी, इस्लामी नीतिविचार परंपरांच्या एका विभागात बंदिस्त होतात. उपयोजित प्रश्नांच्या चर्चेत त्यांचे पडसाद फारसे उमटत नाहीत. जातीवर स्वतंत्र निबंध नाही. भेदभावाचा विचार बर्नार्ड बॉक्सिल यांच्या निबंधात समता व प्राधान्याची वागणूक यांच्या अंगाने होतो, म्हणजेच मुख्यतः संधींच्या वाटपाच्या चौकटीत.

ही चौकट अपुरी का पडते, हे महाडच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केले होते. कागदोपत्री हक्क मिळालेला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी तेथील पाणी घेतल्यानंतर सवर्णांनी गोमूत्र-शेणाने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. या विधीने कोणाच्या वाट्याचे पाणी कमी झाले नाही. तरीही त्यात घडलेला अन्याय उघड आहे, आणि वाटपाच्या परिभाषेत तो मांडताच येत नाही.

गुरू यांचा संग्रह नेमका येथे सुरू होतो. भिखू पारेख, आशिष नंदी, व्ही. गीता, संजय पळशीकर प्रभृतींचे निबंध मानहानी या एकाच संकल्पनेचा वेध घेतात. मानहानीला दाव्याचे रूप येण्यासाठी स्वाभिमानाची जाणीव आवश्यक असते, हे गुरू यांचे प्रतिपादन या संग्रहाला तात्त्विक वजन देते. अर्थात संग्रह एकजिनसी नाही. राज्यशास्त्र, मनोविश्लेषण व इतिहास यांच्या सीमेवर वावरताना काही ठिकाणी संकल्पना सैल होते. कांटचा प्रतिष्ठाविचार ठाऊक नसलेला विद्यार्थी त्याकडे निव्वळ समाजशास्त्रीय वर्णन म्हणून पाहण्याची शक्यताही आहे.

एकच ग्रंथ नेमावयाचा असल्यास तरीही गुरू यांच्या संग्रहास अग्रक्रम द्यावा. कांटची ओळख ओ’नील यांच्या एका निबंधातून दोन तासिकांत करून देता येते; जातीविषयीचे मौन मात्र सिंगर यांच्या उर्वरित निबंधांनी भरून निघत नाही.