शेवटून पहिला, की पहिला म्हणून पहिला?

4 फेब्रुवारी 2024. फ्रान्समधल्या शामोनीत विश्वचषकाची स्लालम शर्यत. स्वित्झर्लंडचा डॅनियल यूल पहिल्या फेरीअखेर तिसावा, म्हणजे दुसऱ्या फेरीत जेमतेम घुसलेला शेवटचा माणूस, आघाडीपासून जवळपास दोन सेकंद मागे. तरी शर्यत त्यानेच जिंकली. तिसाव्या स्थानावरून जिंकणारा विश्वचषकाच्या इतिहासातला पहिलाच. लगेच ‘चमत्कार’, ‘जिद्द’ वगैरे मथळे.

तुम्ही संशोधनात येणार असाल, तर इथे जरा थांबा आणि विचारा: तो उतारावरून कधी सुटला?

स्लालममध्ये दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज होते. पहिल्या फेरीत अव्वल मानांकनवाले आधी सुटतात, त्यांना ताजा, सपाट बर्फ मिळतो. दुसऱ्या फेरीत पहिले तीस उलट्या क्रमाने येतात. तिसावा सर्वांत आधी, आघाडीवाला सर्वांत शेवटी. त्या दिवशी ऊन होतं, बर्फ मऊ पडत होता. प्रत्येक स्कीअर गेटभोवती वळताना चर पाडून जातो, आणि पुढच्याला त्याच चरांतून जावं लागतं. थोडक्यात, यूलचा उतार आणि आघाडीवाल्याचा उतार एक नव्हता.

उलटा क्रम ‘न्याय्य’ आहे, पहिल्या फेरीतला फायदा त्याने फिटतो, असं म्हणतात. मला हे पटत नाही. एका दिशेच्या त्रुटीवर दुसऱ्या दिशेची त्रुटी टाकली की बेरीज शून्यच येईल, हे कुणी सांगितलं? आदल्या रात्री पाणी मुरवून टणक केलेल्या उतारावर फरक कमी पडतो, शामोनीत प्रचंड पडला. आणि घड्याळ मात्र शतांश सेकंदापर्यंत मोजतं! अचूक आकडा म्हणजे योग्य तुलना नव्हे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हाच घोळ घातला. कंट्रोलचे नमुने रोज सकाळी आणि प्रक्रिया केलेले दुपारी मोजले. छान फरक दिसला, मीही खूश. नंतर कळलं, तो फरक स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या तापलेल्या दिव्याचा होता. दोन महिने पाण्यात. क्रम यादृच्छिक ठेवला असता तर?

मग यूल नुसता नशीबवान? तसंही नाही हं. त्याने किट्झब्यूल 2020 आणि 2023 मध्ये जिंकलंय, आणि तिथे फुकट काही मिळत नाही. शिवाय त्याच्या लगेच मागे सुटलेल्यांनाही जवळपास तसाच बर्फ मिळाला होता, ते जिंकले नाहीत. म्हणून तुलना करायचीच तर दुसऱ्या फेरीतली त्याची वेळ एकोणतिसाव्या, अठ्ठाविसाव्या स्कीअरच्या वेळेशी ताडून बघा. शेवटी सुटलेल्याशी नको. बातम्यांनी नेमकी ती शेवटची तुलना केली. शर्यतीचे निकाल सगळ्यांना खुले असतात, सुटण्याच्या क्रमासकट. एका संध्याकाळचं काम आहे, आलेख काढून बघा.