भिकारी कुठे गेले?

बर्लिनर एन्सांबलमध्ये त्या रात्री मी आणि नवरा अख्ख्या थिएटरच्या आधी हसत होतो. रंगमंचाच्या वर इंग्रजी भाषांतराची पट्टी चालू असते. विनोद नटाच्या तोंडून येण्याच्या सेकंदभर आधी तो पट्टीवर उमटतो. माझं जर्मन बी-वन, नवऱ्याचं त्याहून थोडं कच्चं. आम्ही वाचून हसायचो, मग नट बोलायचा, मग बाकीचे हसायचे. पुढच्या रांगेतल्या आजींनी दोनदा वळून पाहिलं. तिसऱ्या वेळी मी हसू दाबलं, आणि मग नाटकभर दाबतच राहिले.

नाटक होतं ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं 'द्राय ग्रोशन ओपर'. म्हणजे आपल्या पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा', जो १९७८ मध्ये जब्बार पटेलांनी पुण्याच्या थिएटर अकादमीतर्फे बसवला. आमच्या दोघांच्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट. तरी तिकीट काढताना नवरा म्हणाला, "पुलंच्या नाटकाला चाललोय असं आईला सांगतो. तिला बरं वाटेल."

ह्याच इमारतीत ३१ ऑगस्ट १९२८ ला ह्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. १९५४ पासून ब्रेख्तची कंपनी इथेच आहे. आत लाल मखमल, सोनेरी नक्षी, आणि त्या सगळ्या थाटात प्रशियाचा एक गरुड, ज्याच्यावर ब्रेख्तने लाल रंगाची फुली मारायला लावली. ती अजून तशीच आहे. मूळ नाटक त्याहून २०० वर्षं जुनं, जॉन गे ह्या इंग्रज लेखकाचं. त्याचं जर्मन भाषांतर एलिझाबेथ हाउप्टमानने केलं, म्हणून ब्रेख्तला ते सापडलं. तिचं नाव फार कुणाला माहीत नसतं. असो.

ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी: पीचम हा लंडनच्या भिकाऱ्यांचा मालक. शहराचे विभाग पाडून तो भीक मागायचे परवाने देतो, कमिशन खातो आणि वेषही पुरवतो. त्याच्याकडे दैन्याचे पाच मूळ नमुने तयार आहेत. पण धंद्यात एक अडचण आहे. तुटका हात बघून माणसाला पहिल्यांदा दया येते, दुसऱ्यांदा कमी येते, नंतर येतच नाही. त्यामुळे माल सतत बदलावा लागतो.

मी पैसे पाठवायच्या एका अ‍ॅपवर काम करते. आमच्याकडे नोटिफिकेशनचे चार-पाच मजकूर तयार करतात, कुठल्यावर जास्त लोक बोट ठेवतात ते मोजतात, आकडा घसरला की नवा मजकूर लिहितात. पीचम आमच्या टीममध्ये सोमवारी रुजू झाला तर मंगळवारी मीटिंग घ्यायला लागेल. ह्या माणसासाठीच मी नाटकाला गेले होते. वर्षापूर्वी पुलंचं पुस्तक वाचलं तेव्हापासून तो डोक्यात बसलाय.

बॅरी कॉस्कीने बसवलेला हा प्रयोग २०२१ पासून चालू आहे. सुरुवातीला चमचमत्या पडद्यातून नुसतं एक डोकं बाहेर येतं, चंद्रासारखं, आणि मॅकहीथच्या खुनांचं गाणं गातं. तिथेच मी विकली गेले. मग पडद्यामागे अख्खा रंगमंच व्यापणारा लोखंडी सांगाडा. नट त्यात चढतात, लोंबकळतात, अडकतात. कुणालाही कुणापर्यंत सरळ जाता येत नाही. मॅकहीथ असा लाघवी, की तो दरोडेखोर आहे हे दर दहा मिनिटांनी स्वतःला सांगावं लागतं. वाइलचं संगीत समोर बसून ऐकलं की कळतं, इतकी कडू गोष्ट इतकी गोड वाजू शकते.

पण मला भिकारी दिसले नाहीत. पीचम होता, त्याचा धंदा तोंडी होता, पण ज्यांच्या जिवावर तो चालतो ती गर्दी मला जाणवलीच नाही. कॉस्कीला ह्या माणसांची प्रेमाची भूक दाखवायची आहे, आणि ती तो अप्रतिम दाखवतो. फक्त नाटकाचा सांधा तिथे निखळतो. पीचम पोलीसप्रमुखाला धमकी देतो, की मॅकहीथला पकडलं नाही तर राणीच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत सगळे भिकारी आणून उभे करीन. ज्या प्रयोगात गर्दीच नाही तिथे ह्या धमकीला कोण घाबरणार?

मध्यंतरात नवऱ्याने वाद घातला. त्याचं म्हणणं, मी पुस्तक पाठ करून आलेय. मॅकहीथवर आपला जीव जडतो, म्हणूनच तो फासावरून सुटतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, आणि तीच तर ब्रेख्तची चपराक. मी म्हटलं, चपराक बसल्याचं कुणाच्या गालावर दिसतंय का? आजूबाजूला सगळे प्रेत्झेल खात होते. आम्हीही.

तमाशाचा साचा निवडताना पुलंना हे नेमकं कळलं होतं असं मला वाटतं. तिथे सोंगाड्या कधीही तुमच्याकडे वळून बोलतो. प्रेक्षकाने वाहून जाऊ नये म्हणून ब्रेख्तला पाट्या लावाव्या लागल्या, सिद्धान्त लिहावे लागले. बतावणीत ते काम रोज होत होतं. आम्हा दोघांना त्या रात्री ती पाटी आयती मिळाली होती, इंग्रजीतून, आणि मला तिची लाज वाटत होती. आता वाटतं, बिनधास्त हसायला हवं होतं. सगळ्या थिएटरमध्ये जरा अंतर राखून नाटक बघणारी माणसं आम्हीच होतो.

प्रयोग संपल्यावर स्प्रे नदीवरच्या पुलावर थोडं थांबलो. ह्या पुलाच्या कठड्यातही लोखंडी गरुड आहे, पण त्याच्यावर फुली नाही. वाद तसाच चालू होता. फ्रीडरिशष्ट्रासेला एस-बान पकडली, दार बंद झालं, आणि डब्याच्या टोकाला एक माणूस बोलायला लागला. त्रासाबद्दल माफी, आपण बेघर आहोत, थोडी चिल्लर, काही खायला, नाहीतर नुसतं एक हसू, सर्वांना छान संध्याकाळ.

शब्द न् शब्द कळला. चार वर्षं रोज ऐकून पाठच झालाय. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की कालचा बरा बोलत होता.

नवरा खिशात नाणं शोधत होता. "पन्नास सेंट आहेत का तुझ्याकडे?" त्याने मराठीत विचारलं. मी पर्स उघडेपर्यंत तो माणूस पुढच्या डब्यात गेला होता.